ताडोबात फोटो काढायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सफारीचं बुकिंग झालं की लोकांचे प्रश्न सुरू होतात. लेन्स कोणती, गेट कोणतं, वाघ कधी दिसतो. थांबायचं किती, गाइडशी बोलायचं काय, जनावर वैतागलंय हे ओळखायचं कसं, हे प्रश्न बहुतेक वेळा परत आल्यावर येतात. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाची असली तरी पेंच, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा इथेही बहुतेक उत्तरं लागू पडतात.

१. पहिल्यांदाच जातोय. एका सफारीत चांगला फोटो मिळेल का?

मिळू शकतो, पण त्या भरवशावर जाऊ नका. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य, भाग सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. पर्यटकांची गाडी त्यातल्या ठरावीक रस्त्यांवरूनच फिरते आणि फेरी साधारण चार तासांची असते. एकाच सफारीत वाघ, उजेड आणि मोकळी जागा असं सगळं एकदम जुळून येणं विरळाच.

जमत असेल तर एकाच गेटच्या सलग तीन-चार सफारी घ्या. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशी रोज वेगवेगळी गेटं घेण्याचा मोह टाळा. पहिल्या फेरीत कोणत्या पाणवठ्यावर ताजे ठसे आहेत, कोणत्या वळणावर सकाळचा उजेड येतो, चितळांचे कळप कुठे बसतात हे कळतं. दुसऱ्या फेरीपासून त्याचा उपयोग सुरू होतो. गेट बदललं की पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

२. कोणत्या महिन्यात जावं?

वाघ दिसण्यासाठी एप्रिल-मे. पानगळ झालेली असते, पाणी थोड्याच जागी उरतं आणि जनावरं तिथे येतातच. पण चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि सकाळी नऊनंतर जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे ५० मीटरपलीकडचा फोटो पाण्यातून काढल्यासारखा लिबलिबीत येतो. त्यावर कोणतीही महाग लेन्स चालत नाही. जनावर जवळ असेल तरच काढा, नाहीतर डोळ्यांनी पाहा.

फोटोच्या दृष्टीने डिसेंबर ते फेब्रुवारी जास्त सुंदर: धुकं, तिरपा उजेड, जनावरांची केसाळ कातडी. गवत उंच असल्याने दिसणं मात्र कमी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो आणि त्यासाठी अस्वलं, चितळं, सांबरं झाडाखाली येतात. वाघाचा हट्ट नसेल तर हाच काळ निवडा.

कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, आणि एरवी दर मंगळवारी. बफरच्या, म्हणजे कोअरभोवतालच्या पट्ट्याच्या, वेळा आणि गेटं वेगळी असतात, ती बुकिंग करताना पाहून घ्या.

३. लेन्स किती मिलीमीटरची हवी?

एक साधा हिशोब लक्षात ठेवा. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्स लावून २० मीटरवर पाहिलं तर फ्रेमची रुंदी १.८ मीटर भरते. शेपूट सोडून वाघाचं अंग साधारण तेवढंच. म्हणजे २० मीटरवर आडवा उभा वाघ ४०० मिमीत जेमतेम मावतो आणि ६०० मिमीत कापला जातो. ५० मीटरवर मात्र त्याच ४०० मिमीत साडेचार मीटरचं जंगल येतं, आणि वाघासोबत त्याची जागाही दिसते.

म्हणून १००-४०० किंवा २००-६०० अशी झूम लेन्स पुरते. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ७०-३०० देखील चालते. दुसरा कॅमेरा असेल तर त्यावर २४-७० लावून ठेवा, कारण वाघ कधी कधी स्वतःहून गाडीजवळून जातो. लेन्स भाड्याने घेणार असाल तर दोन दिवस आधी घ्या आणि अंगणातल्या मांजरावर किंवा कावळ्यांवर हात बसवा. झूमची रिंग कोणत्या बाजूला फिरते हे वाघासमोर शिकत बसू नका.

मोठ्या लेन्ससाठी गेटवर वेगळं शुल्क पडतं. दर बदलतात, त्यामुळे आधी विचारा.

४. मोबाइलने फोटो काढले तर?

ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. छोटा कॅमेरा किंवा दुर्बीण न्या. दुर्बीण तर सगळ्यांनीच न्यावी. ८x४२ ची साधी दुर्बीण असेल तर कॅमेरा खाली ठेवून तासभर पाहत बसता येतं.

५. सेटिंग काय ठेवू?

शटर आणि अ‍ॅपर्चर स्वतःच्या हातात, आयएसओ (सेन्सरची उजेड पकडण्याची संवेदनशीलता) ऑटोवर. बसलेल्या जनावराला शटर १/२५० ते १/५०० सेकंद, चालत्या वाघाला १/८००, पळणाऱ्या चितळाला किंवा रानकुत्र्यांना १/१६०० आणि वर. जानेवारीत सकाळी साडेसहाला बांबूखाली उजेडच नसतो. तिथे १/२५०, एफ ५.६ (हा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा) आणि आयएसओ ६४०० पर्यंत जावं लागतं. जाऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

लोकांच्या तीन चुका नेहमीच्या आहेत. पहिली, २० मीटरवर ४०० मिमी आणि एफ ५.६ ला डेप्थ ऑफ फील्ड (जेवढ्या खोलीतलं स्पष्ट दिसतं ते अंतर) सुमारे ८० सेंटिमीटर असतं आणि ६०० मिमी, एफ ६.३ ला त्याच्या निम्मं. फोकस खांद्यावर लागला तर डोळे मऊ येतात, म्हणून फोकस डोळ्यावर. दुसरी, गवताच्या काड्या फोकस पळवतात. डोळा शोधणारी यंत्रणा गोंधळली की एकच बारीक फोकस बिंदू निवडा. तिसरी, वाघ दिसताच बटण दाबून धरणं. सेकंदाला २० फ्रेम या वेगाने साध्या कार्डावर कॅमेरा काही सेकंदांतच अडकतो आणि नेमका तेव्हाच वाघ उठतो. तीन-चार फ्रेमचे छोटे झटके द्या.

काळ्या गव्याने फ्रेम भरली की कॅमेरा त्याला राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) ०.७ स्टॉपने कमी करा. तोच गवा उन्हातल्या पिवळ्या गवतात लहानसा दिसत असेल तर उलट ०.७ वाढवा.

६. ट्रायपॉड नेऊ का?

नको. जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, पाय पसरायला जागा नाही, आणि दुसऱ्याचे गुडघे आहेतच. बीनबॅग न्या: जाड कापडाची, मधोमध शिवलेली, गाडीच्या दांडीवर दोन्ही बाजूंनी लोंबणारी. घरून रिकामी न्या आणि चंद्रपूरला दीड-दोन किलो तांदूळ किंवा राजमा घेऊन भरा. आत एक प्लॅस्टिकची पिशवी असू द्या, पावसात भिजलं तर वास येतो. परतताना धान्य शिजवून खायला मोकळे.

बीनबॅग असो वा नसो, इंजिन चालू असेल तर दांडीवर ठेवलेली लेन्स थरथरते. आधी इंजिन बंद.

७. गाइड आणि ड्रायव्हर नुसते पळवतात. त्यांना काय सांगायचं?

ते पळवतात कारण बहुतेक पर्यटक वाघ दिसला तर बक्षीस देतात आणि नाही दिसला तर तोंड पाडून उतरतात. हा हिशोब तुम्हीच बदलू शकता, तोही गेटवरून आत शिरण्याआधी. साधारण असं बोला:

“भाऊ, आज आपल्याला धावायचं नाही. वाघ नाही दिसला तरी तुमचं जे द्यायचं ते देणारच. पहिला तास फिरू, मग तुम्हाला योग्य वाटेल त्या एका पाणवठ्यावर तासभर थांबू. गाडी लावताना ऊन आपल्या पाठीशी येईल असं बघा. आणि आम्हाला जवळ न्यायची घाई नको.”

आणि बक्षिसाचा आकडा तिथेच मनात पक्का करून टाका. गाइड बहुतेक आसपासच्या गावांतले असतात आणि त्यांना जंगल आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. दबाव निघाला की तीच माणसं वेगळी वागतात, बोलतात, पक्ष्यांची नावं सांगतात. थांबायचं ठरल्यावर मात्र वीस मिनिटांनी तुम्हीच “चला का आता?” म्हणू नका. तेवढ्याने सगळं पुन्हा मूळपदावर येतं.

८. पाणवठ्यावर किती वेळ थांबावं? आणि त्या वेळात करायचं काय?

किमान ४५ मिनिटं, उन्हाळ्यातल्या दुपारी तासाच्या वर. पंधरा मिनिटांत निघणारी गाडी पाणवठा पाहते, पाणवठ्यावर काय चालतं ते पाहत नाही.

मे महिन्यातली साडेतीनची वेळ धरा. पहिली दहा मिनिटं काहीच नसतं. खरं तर गाडीमुळे जे गप्प झालं होतं ते परत बोलायला लागतं. मग वानरं उतरतात, घाईने पितात आणि झाडावर परत. चितळांचा कळप काठापासून तीस-चाळीस मीटरवर येऊन उभा राहतो, पीत नाही. पुढची मादी कान फिरवते, एक पाय उचलते, ठेवते. सगळा कळप माना खाली घालून पाणी प्यायला लागला, तर जवळपास त्यांना माहीत असलेला वाघ नाही. पण तोच कळप एकाच झुडपाकडे टक लावून, खूर आपटत, शेपटी उभारून पाणी न पिताच उभा राहिला, तर जागचे हलू नका. त्या झुडपावर एक चाचणी फोटो काढून उजेड तपासा आणि कॅमेरा बीनबॅगवर ठेवा.

वाघ पाण्यात बरेचदा उलटा शिरतो, मागचे पाय आधी. तोंडावर पाणी उडालेलं त्याला आवडत नाही. एकदा बसला की अर्धा तास ते दोन-तीन तास बसू शकतो. इथेच लोक चारशे एकसारखे फोटो काढून थकतात. दहा काढा आणि थांबा. उठण्याआधी तो बहुधा खुणा देतो: मान वर, एका दिशेला नजर, चाटणं, जांभई. जांभई सहसा एकटी येत नाही, पहिली हुकली तर दुसरीसाठी तयार राहा. पहिली जांभई दिसली की शटर १/१००० वर न्या, फ्रेम थोडी सैल करा, कारण उभा राहिल्यावर त्याची उंची आणि निथळणारं पाणी दोन्ही मावायला हवं.

थांबणं म्हणतात ते हे. यात डोकं चालू असतं.

९. ‘कॉल’ म्हणजे काय आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा?

शिकारी प्राणी दिसला किंवा वास आला की इतर जनावरं देतात तो इशारा. वानराची खॅक-खॅक खाकर, चितळाची तीक्ष्ण एकसुरी हाक, भेकराचं भुंकणं आणि सांबराचा मोठा, खोल ‘ढांक’. चितळ उगीचही ओरडतं. सांबर सहसा उगीच ओरडत नाही, त्यामुळे त्याचा कॉल आला की गाइडचा चेहराच बदलतो. वानर उंचावरून पाहतं, म्हणून ते कुठे तोंड करून ओरडतंय ते बघा.

कॉलच्या दिशेने गाडी दामटली तर दोन गोष्टी होतात: इंजिनच्या आवाजात पुढचा कॉल ऐकू येत नाही, आणि बाहेर येऊ घातलेला वाघ आत वळतो. शंभरेक मीटर आधी थांबा, इंजिन बंद करा, ऐका. कॉल सरकत असेल तर वाघ चालतोय. ज्या रस्त्यावर तो निघेल असं वाटतं तिथे आधी जाऊन थांबता येतं. कॉल एका जागी येऊन बंद पडले तर तो बसला किंवा दूर गेला. त्यानंतरही वीस मिनिटं द्यायला हरकत नाही.

१०. रस्त्यावरचे ठसे ताजे आहेत हे कसं कळतं?

टायरच्या खुणा पाहा. ठसा टायरच्या खुणेवर उमटला असेल तर वाघ गाडीनंतर गेलाय. टायर ठशावरून गेला असेल तर आधी. सकाळी पहिल्या गाड्यांना हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. कडा धारदार असणं, आत पान किंवा काडी पडलेली नसणं याही ताज्या खुणा. नराचा ठसा मोठा आणि चौकोनाकडे झुकणारा, मादीचा थोडा लांबट. गाडीतून उतरून पाहायचं नाही, हे सांगायला नको. तरी सांगितलं.

११. वाघ रस्त्याने समोरून चालत येतोय. गाडी मागे घ्यायची की थांबायचं?

मागे घ्यायची, पण तो जवळ आल्यावर नव्हे. तो चाळीस-पन्नास मीटरवर असतानाच ड्रायव्हरने संथ आणि एकसारखं मागे जायला सुरुवात करावी. उशिरा घाईने मागे घेतलेल्या गाडीचा गिअर ओरडतो आणि वाघ रस्ता सोडतो. मागे गाड्यांची रांग असेल तर हे शक्य नसतं. मग रस्त्याच्या एका कडेला लागा, दुसरी बाजू पूर्ण मोकळी सोडा आणि हलू नका.

वाघ रस्ता धरतो तो मऊ धुळीमुळे आणि हद्दीच्या खुणांमुळे. वाटेतल्या ठरावीक झाडांशी तो थांबतो, हुंगतो, कधी ओठ वर खेचून दात दाखवतो आणि शेपूट उभारून फवारा मारतो. त्याच्या पुढच्या वाटेवर रस्त्यालगत तिरकं, जाड खोड दिसत असेल तर फ्रेम तिथे लावून ठेवा. चालत्या वाघामागे कॅमेरा फिरवण्यापेक्षा याने जास्त फोटो हाती लागतात.

१२. २० मीटरचं अंतर खरंच पाळायचं का? लांबून फोटो सपाट येत नाही?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते किमान अंतर आहे. जिप्सी साधारण चार मीटर लांब असते, म्हणजे पाच जिप्स्या एकामागे एक.

फोटोचं म्हणाल तर उलट आहे. तुमचा कॅमेरा जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर, वाघाचे डोळे पाऊण-एक मीटरवर. दहा मीटरवरून तुम्ही त्याच्याकडे जवळजवळ सात अंश वरून पाहता, वीस मीटरवरून साडेतीन आणि पन्नास मीटरवरून दीड अंशाच्याही आत. नजरेला नजर भिडणारा फोटो लांबून जास्त चांगला येतो. जवळच्या फोटोंत वाघाची पाठ आणि धूळच जास्त असते.

१३. वाघ कॅमेऱ्याकडे बघतच नाही. हलकी टिचकी किंवा शुक-शुक केली तर?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७(४) नुसार अभयारण्यात वन्य प्राण्याला छेडणं हा गुन्हा आहे, आणि टिचकी त्यातच मोडते. शिवाय आवाजाने वळलेल्या वाघाचे कान ताणलेले आणि नजर गाडीवर रोखलेली असते. तो फोटो चिडलेल्या जनावराचा दिसतो. तो स्वतःहून वळेल तेव्हा काढा. वाघ आसपास बघतच असतो, थांबलात तर नजर तुमच्या बाजूलाही येते.

फ्लॅश आणि ड्रोन यांनाही परवानगी नाही. कॅमेऱ्यात सायलेंट शटर असेल तर तो वापरा, फक्त झटकन पळणाऱ्या जनावराचा आकार त्यात वाकडा येऊ शकतो.

१४. जनावर अस्वस्थ झालंय हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी येतो. यायला सगळ्यात जास्त हवा.

वाघ: शेपटीचं टोक सारखं झटकणं, कान मागे वळून त्यांच्या पाठीवरचे पांढरे ठिपके समोरून दिसू लागणं, ओठ वर जाणं, घशातली गुरगुर. यातलं पहिलंच दिसलं तरी गाडी मागे घ्यायला सांगा. याहून सूक्ष्म खूण म्हणजे वाट बदलणं. सरळ येणारा वाघ तुमच्यापाशी आल्यावर वळसा घालून झाडीत शिरला, तर तुम्ही जास्त जवळ होता.

गवा: आडवा उभा राहून अंगाचा आकार दाखवणं, मान खाली, फुत्कार. मोठा नर टनाच्या आसपास भरतो. तो रस्ता देत नसेल तर तुम्ही द्या.

अस्वल: दृष्टी अधू, नाक तीक्ष्ण. वारूळ उकरताना ते वाळवी ओढून घेतं त्याचा आवाज लांबून ऐकू येतो. त्या नादात त्याला गाडी उशिरा कळते आणि दचकलेलं अस्वल हल्ला करू शकतं. मागच्या पायांवर उभं राहिलं तर ते वास घेतंय. फोटो भारी असतो, पण एक काढून गप्प बसा.

चितळ, सांबर: खूर आपटणं, शेपूट वर, चरणं थांबणं. ही तुमच्यामुळे आहे की वाघामुळे, ते नजरेच्या दिशेवरून कळतं. तोंड तुमच्याकडे असेल तर कारण तुम्ही आहात.

बिबट्या सहसा कोणतीच खूण देत नाही. निघून जातो.

१५. नेहमी जाणारे म्हणतात, वाघ त्यांना ओळखतो. असं नातं खरंच जुळतं?

वाघ गाड्यांना सरावतो, एवढंच खात्रीने म्हणता येतं. लहानपणापासून रस्त्यालगत वाढलेल्या बछड्यांना जिप्सी म्हणजे दगडासारखी निरुपद्रवी वस्तू वाटते. ती ओळख गाडीशी असते, आतल्या माणसाशी नाही. पांढरपौनी परिसरातली माया म्हणजे टी-१२ ही वाघीण वर्षानुवर्षं जिप्स्यांसमोर निवांत वावरली. असंख्य लोकांना ती ‘आपली’ वाटायची. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी गेलेल्या महिला वनरक्षकाचा तिच्याच हल्ल्यात मृत्यू झाला. २०२३ मध्ये मायाही दिसेनाशी झाली आणि पुढे तिचे अवशेष सापडले.

तुमच्या बाजूने मात्र नातं जुळतं आणि फोटोत ते उतरतं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि एकाच वाघाचे डाव्या-उजव्या कुशीवरचेही वेगळे. दोन्ही बाजूंचा एकेक स्वच्छ फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तीच वाघीण आहे का ते ताडून पाहता येतं. सोबत वहीत तारीख, वेळ, जागा, ती काय करत होती, कुठून आली, कुठे गेली. चार सफारींनंतर ती वही लेन्सपेक्षा जास्त कामाला येते. वाघिणीच्या बाजूने मात्र तिला तुमची दखल घ्यावी लागू नये, इतकं बघा.

१६. वाघ दिसलाच नाही तर काय काढू?

रानकुत्र्यांची टोळी दिसली तर वाघ विसरा. खेळणं, शिकारीआधी एकमेकांना हुंगणं, शिट्टीसारखे आवाज, सगळं उघड्यावर चालतं आणि त्यांच्या हालचालीला क्षणाची उसंत नसते. ताडोबा तलावातल्या मगरी ऊन खात तासन् तास तोंड उघडून पडतात. थांबण्याचा सराव करायला त्यांच्यासारखं जनावर नाही. सर्पगरुड एकाच फांदीवर परत परत येतो. कांडोळाची पांढरी खोडं संध्याकाळच्या उजेडात, धुळीत उभा गवा, पाणी पिणारी वानरं रांगेत.

१७. शेअरिंगच्या जिप्सीत सोबतचे गप्प बसत नाहीत. काय करावं?

जिप्सीत पर्यटक सहा. आधी ओळख करून घ्या, एखाद्या लहान मुलाला दुर्बीण द्या, कॉल ऐकायचं काम सोपवा. मोठ्यांना उपदेश कुणी केलेला आवडत नाही. गाडीत कुणी उभं राहिलं, बसलं, वेफर्सचं पाकीट उघडलं की तुमची लेन्स हलते, तेव्हा फोटो काढताना “पाच सेकंद हं” म्हणायची सवय लावा. लोक पाच सेकंद देतात. तासभर थांबायचं असेल तर मात्र फोटो काढणाऱ्यांनीच मिळून सहा जागा घ्याव्यात. कुटुंबासोबत आलेल्यांवर तुमचा पाणवठा लादणं बरं नाही.

१८. थांबणं चुकीचं ठरतं अशी वेळ असते का?

असते, आणि तीच लोकांच्या लक्षात येत नाही.

फक्त बछडी दिसली, आई नाही. वाघीण शिकारीला जाताना त्यांना लपवून जाते, आणि गाड्या उभ्या असल्या तर परत येताना बाहेर थांबून राहते. दोन मिनिटं पाहा, निघा.

शिकार केलेलं जनावर पडलंय आणि वाघ झाडीत आहे. मोठी शिकार तो दोन-चार दिवस खातो. गाड्यांच्या गराड्यात तो बाहेर येत नाही. लांब थांबता येत असेल तर ठीक, नाहीतर पुढच्या फेरीत या.

तुमची गाडी वाघ आणि पाणी यांच्या मध्ये आहे. उन्हाळ्यात हे फार होतं. जागा कितीही चांगली असली तरी सरका.

आणि गेट बंद व्हायची वेळ. शेवटच्या क्षणापर्यंत थांबलं की ड्रायव्हरला परतीला वेग वाढवावा लागतो, आणि जनावरं रस्त्यावर येतात ती याच वेळी. अर्धा तास राखून निघा.

१९. सगळ्या जिप्स्या एका वाघाभोवती जमल्या. आम्ही काय करणार?

निघू शकता. खरंच. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्स्यांनी दोन्हीकडून अडवली. चालक आणि गाइडवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. रोजगार बुडाला तो गाइड-ड्रायव्हरचा. मागे बसून “अजून थोडं पुढे घ्या” म्हणणारे घरी गेले.

गर्दी दिसली की वाघाच्या चालण्याची दिशा पाहा आणि तो पुढे कुठे रस्ता ओलांडेल ते गाइडला विचारा. तिथे लांब, बाजूला, एकटं थांबलं तर कधी कधी गर्दीपेक्षा चांगला फोटो मिळतो. कधी मिळत नाही. गर्दीतल्या फोटोत मागे चार गाड्या येतातच.

२०. धुळीपासून कॅमेरा कसा वाचवायचा?

उशीचा जुना सुती अभ्रा. चालत्या गाडीत कॅमेरा-लेन्स त्यात, थांबलं की बाहेर. पुढच्या गाडीच्या धुळीत घुसू नका, अंतर राखायला सांगा. जंगलात लेन्स बदलू नका. काचेवर धूळ बसली तर आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सर्वांत शेवटी. मुरमाची धूळ कापडाने पुसली की चरे पडतात. ऑक्टोबरच्या दमट हवेत एसी खोलीतून थेट बाहेर आणलेल्या काचेवर वाफ धरते, तेव्हा बॅग अर्धा तास आधी बाहेर ठेवा.

२१. फोटो लगेच सोशल मीडियावर टाकू का?

टाका, पण जागा सांगू नका. कॅमेऱ्याचं जीपीएस बंद ठेवा, पाणवठ्याचं नाव लिहू नका, आणि लहान बछडी किंवा घरट्याचा फोटो असेल तर काही आठवडे थांबा. शिकारी टोळ्यांचा धोका आहेच. त्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे वीस जिप्स्या उभ्या राहतात.

२२. मागच्या गाड्या एडिटिंगमध्ये पुसल्या तर चालतं का?

घरच्या भिंतीवर लावायला चालतं. स्पर्धेला पाठवणार असाल तर नाही. बहुतेक ठिकाणी मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, काहीही न बदललेली) मागतात आणि काही घातलेलं-पुसलेलं दिसलं की बाद करतात. उजेड, रंग, थोडं कापणं सहसा मान्य असतं. प्राणिसंग्रहालयातला फोटो असेल तर तसं लिहा.

२३. जखमी किंवा गळ्यात फास अडकलेलं जनावर दिसलं तर?

जखमेचा आणि पूर्ण अंगाचा, असे दोन स्पष्ट फोटो काढा, वेळ आणि जागा लिहून घ्या. गाइडला सांगा आणि बाहेर पडताच गेटवरच्या वनकर्मचाऱ्यांना फोटो दाखवा, कार्डाची प्रत द्या. पट्ट्यांवरून कोणता वाघ आहे ते त्यांना ठरवता येतं, म्हणून कुशीचा फोटो इथेही उपयोगी (प्रश्न १५). तो फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी त्यांचं काम होऊ द्या.